एकशे दहा नंबरचा जेट

१९७४ च्या जून महिन्यात आमची वर्कशॉप डिटॅचमेंट साडेअकरा हजार फुटांवर होती. पत्र्याच्या दोन बराकी, एक तंबू, एक जनरेटर आणि अकरा माणसे. मी नायक होतो, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. हेडक्वार्टरच्या सहा मोटारसायकली माझ्या ताब्यात होत्या. अडीचशे सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक. या गाड्यांवरून डिस्पॅच रायडर सीलबंद टपाल घेऊन खाली जात आणि वर येत. आम्ही त्यांना डीआर म्हणायचो.

रोजचा क्रम ठरलेला होता. साडेपाचला उठणे, सहाला चहा, साडेसहाला सर्व गाड्यांना किक मारून आवाज ऐकणे. आठला डीआर निघे. पहिले पंचेचाळीस किलोमीटर घाट. घाटाच्या पायथ्याशी, पाच हजार फुटांवर, ट्रान्झिट कॅम्प. तिथून पुढे नदीकाठचा सव्वीस किलोमीटरचा सपाट रस्ता आणि मग मागचे हेडक्वार्टर.

ज्यांनी कार्बोरेटर उघडून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगावी लागेल. कार्बोरेटरच्या तळाशी मेन जेट असतो. हरभऱ्याच्या दाण्याएवढा पितळी स्क्रू, मधोमध बारीक भोक. इंजिनला लागणारे पेट्रोल त्या भोकातून जाते. उंचावर हवा विरळ असते, म्हणून पेट्रोलही कमी द्यावे लागते, म्हणून लहान भोकाचा जेट. आम्ही वर पंच्याण्णव नंबरचा वापरायचो आणि खाली एकशे दहाचा. वरचा जेट खाली तसाच राहिला, तर पेट्रोल कमी पडते. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, त्यामुळे ऑइलही कमी पडते. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला आवळून बसतो. त्या क्षणी मागचे चाक थांबते.

यासाठी स्टँडिंग ऑर्डर होती. प्रत्येक गाडीच्या सीटखाली तारेने अडकवलेली पत्र्याची एक डबी असे. तिच्यात एकशे दहाचा जेट. डीआर निघण्यापूर्वी मेकॅनिकने म्हणायचे, “जेट दिखाओ.” डीआरने डबी उघडून जेट दाखवायचा. मग मेकॅनिकने लॉगबुकात सही करायची. ट्रान्झिट कॅम्पला डीआरने स्वतः जेट बदलायचा. दहा मिनिटांचे काम.

डीआरपैकी एक लान्स नायक पास्कल होता. घरी पास्कू. तो आणि मी दोघेही सांडोरचे. आमच्या वाड्या एकाच पाटाच्या पाण्यावर. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मला सायकल त्याने शिकवली, तळ्याच्या काठावर, कॅरिअर धरून मागे पळत. त्याची आई रोजामावशी माझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी माझी धर्ममाता होती. एवढ्या मोठ्या फौजेत आम्ही दोघे एका ठाण्यावर यावे, हा योगायोग होता. रँकने मी त्याच्या वर होतो. तो चारचौघांत मला “नायकसाब” म्हणायचा आणि एकटे असलो की घरच्या बोलीत माझी टिंगल करायचा. माझ्या बिछान्याखाली पुस्तकांची पेटी असे. “बस्त्याव, तू फादर व्हायचा, चुकून फिटर झाला,” असे त्याचे नेहमीचे.

त्याला या गाड्या फार आवडत. मागच्या सुट्टीत त्याने वसईत याच मॉडेलची जुनी गाडी घेतली होती. इंजिन गेलेले होते. आम्ही दोघांनी पेन्शनीत आल्यावर ते बांधायचे आणि तिला मोठा कार्बोरेटर बसवायचा, असे ठरले होते. मोठा कार्बोरेटर त्याने मुंबईच्या जुन्या बाजारातून आधीच आणून ठेवला होता. मूळचा चोवीस मिलीमीटरचा, हा अठ्ठावीसचा. मी म्हणायचो, आधी इंजिन कर. तो म्हणायचा, इंजिन तू कर, वेग मी आणतो.

घटनेच्या दिवशी सकाळी त्याची गाडी माझ्यापुढे होती. कार्बोरेटर साफ करायचा होता. तो आठ दिवसांपूर्वीच सुट्टीवरून परतला होता आणि रोजामावशीने दिलेली सुकेळी त्याने आणली होती. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, सुकलेल्या केळीच्या पानात घट्ट गुंडाळायची आणि सोपटाने, म्हणजे केळीच्या खोडाच्या सालीने, बांधायची. ती महिनोन् महिने टिकतात. आमच्याकडे घराबाहेर जाणाऱ्या माणसाला ती बांधून देतात.

मी डबीतला एकशे दहाचा जेट बाहेर काढला. त्याच्यावर धूळ बसली होती. पेट्रोलने धुतला, फुंकला आणि खिशात टाकला. उजव्या हाताला ग्रीस होते म्हणून डाव्या हाताने, शर्टाच्या वरच्या खिशात. डबी बाकावर उघडी राहिली. पास्कू बाकावर बसून सुकेळे खात होता. एक त्याने माझ्या तोंडात कोंबले. गावच्या गोष्टी निघाल्या. कुणाच्या विहिरीला पाणी कमी झाले, कुणाचे लग्न ठरले. ट्रान्झिट कॅम्पचा सिग्नल ऑपरेटर रामस्वरूप याने मागच्या खेपेला सुकेळी मागितली होती. पास्कूने त्याच्यासाठी तीन सुकेळी धूळ लागू नये म्हणून डबीत घातली आणि झाकण लावले. जेट आधीच डबीत आहे, असे त्याला वाटले. जेट मी डबीत परत टाकला, असे मलाही वाटले.

आठ वाजून दहा मिनिटांनी तो निघाला. मी डबी हाताने दाबून पाहिली. जड लागली. “जेट दिखाओ” म्हणालो नाही. ज्याने मला सायकल शिकवली, त्याला जेट दाखव म्हणायचे मला काही महिन्यांपासून जड जाऊ लागले होते. इतर पाचही डीआरना मी रोज म्हणत होतो. लॉगबुकात लिहिले: जेट ११०, तपासला. खाली सही केली.

दहा वाजता त्याचा ट्रान्झिट कॅम्पला पोहोचल्याचा मेसेज आला. सव्वादहाला निघाल्याचा. खाली पोहोचल्याचा आला नाही.

बारा वीसला मी सिग्नलच्या तंबूत होतो. वायरलेसवर अल्फा म्हणजे आमचे ठाणे, ब्राव्हो म्हणजे मागचे हेडक्वार्टर.

“हॅलो ब्राव्हो, अल्फा बोल रहा हूँ. डीआर पहुँचा? ओव्हर.”

“ब्राव्हो. नहीं पहुँचा. ओव्हर.”

“कॅम्प से कब निकला? ओव्हर.”

“दस पंद्रह. गाडी भेजी है. वेट. आउट.”

एक पाचला दुसरा मेसेज आला. कॅम्पपासून अठराव्या किलोमीटरला, सपाट रस्त्यावर, डीआर नदीच्या बाजूला खाली पडलेला सापडला. मृत. टपालाची पिशवी अंगावर, सील शाबूत. गाडी नदीत. त्या दिवसांत बर्फ वितळून नदी भरून वाहत असते. गाडी पुढे कधीच मिळाली नाही.

सुभेदारसाहेबांनी मला स्टेटमेंट लिहायला बसवले. गाडी सकाळी मी तपासली होती, म्हणून. कागद पुढे ठेवला. पेन्सिल काढायला मी वरच्या खिशात हात घातला. पेन्सिलीबरोबर जेट बाहेर आला.

मी तो परत खिशात ठेवला आणि स्टेटमेंट लिहिले.

दुसऱ्या दिवशी रिकव्हरी पार्टीबरोबर मी त्या जागी गेलो. रस्ता सरळ होता. डांबरावर मागच्या टायरची एक काळी रेघ होती, सरळ, एकोणीस पावलांची, आणि मग कडेची माती उकरलेली. पुढच्या चाकाची खूण नव्हती. बरोबरचे लोक म्हणाले, जोरात होता, घाबरून मागचा ब्रेक दाबला. मी ती रेघ पावलांनी मोजली होती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीने मला तीन प्रश्न विचारले. गाडी चालू स्थितीत होती का? होती. ब्रेक तपासले होते का? तपासले होते. लॉगबुकातली सही तुमची आहे का? आहे. तिन्ही उत्तरे खरी होती. चौथा प्रश्न कुणी विचारला नाही. निष्कर्ष असा निघाला की रायडर अतिवेगात होता, नियंत्रण सुटले.

दोन महिन्यांनी रामस्वरूप भेटला. त्याने सहज सांगितले की पास्कूने कॅम्पवर जेट बदलायला डबी उघडली आणि आत सुकेळीच पाहून तो मोठ्याने हसला. “बस्त्याव जेट खाके बैठ गया,” असे म्हणाला. सुकेळी रामस्वरूपला दिली. टपाल अर्जंट होते, थांबता येत नव्हते. पन्नासच्या वर जाणार नाही, असे म्हणून निघाला. रामस्वरूपला जेटचे महत्त्व माहीत नव्हते. आणि त्यालाही कुणी काही विचारले नव्हते.

पास्कूला अपघातानंतर तिकडेच पुरले होते. पाद्री आणायला वेळ नव्हता. प्रार्थना मी म्हटली, मराठीत. कुणाला कळली नाही, पण सगळे टोप्या काढून उभे होते.

१९८१ मध्ये मी हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. सांडोरला परत आलो तेव्हा गावाने पास्कूची गोष्ट ठरवून टाकलेली होती. पोरगा चांगला, पण वेडा वेगाचा. सायकलवरसुद्धा तसाच. लहान मुले जोरात सायकल चालवू लागली की म्हातारी माणसे म्हणत, पास्कू व्हायचंय काय? त्याचा गाडीवर बसलेला एक फोटो होता. त्याचे वडील इनासकाका यांनी तो भिंतीवरून काढून ट्रंकेत ठेवला होता. गणवेशातला फोटो घरातल्या अल्तारावर राहिला.

इनासकाका कमी बोलत. मी आल्यावर वर्षभर ते गाडीविषयी काहीच बोलले नाहीत. १९८२ च्या फेब्रुवारीत एका रविवारी मिस्सानंतर त्यांनी मला घरी नेले आणि वाडीतल्या छपराखाली गेले. केळीच्या वाळक्या पानांखाली पास्कूने घेतलेली ती जुनी गाडी होती. शेजारी गोणपाटात आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोठा कार्बोरेटर.

ते म्हणाले, नवे फादर महामार्गापलीकडच्या पाड्यांवर पायी जातात. त्यांना ही द्यावी असे रोजामावशीचे मन आहे. मग ते थांबले. पायाने पाने बाजूला केली.

“बस्त्याव, तू याच्यात शिकलेला. एकच सांग. दोष या जातीच्या गाडीत होता की पोरात? गाडीत असेल तर मी ती देणार नाही, भंगारात घालीन. पोरात असेल तर नेऊ दे फादरला.”

मी म्हणालो, उघडून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. हे खोटे होते.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू केले. रोज सकाळी नऊ ते बारा. चार बोल्ट काढून इंजिन फ्रेममधून उतरवले आणि पडवीत लाकडी पाटावर ठेवले. हेड उघडले. आत आठ वर्षांचा गंज. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. चार दिवस डिझेल ओतून ठेवले, पाचव्या दिवशी लाकडी ठोकळ्याने हलका ठोका दिल्यावर सुटला. क्रँकचे ऑइल सील कडक झाले होते, बेअरिंगांना आवाज होता. एक्झॉस्ट पोर्टमध्ये कार्बन एवढा की करंगळी जात नव्हती. सिलिंडर मी वसई स्टेशनजवळच्या लेथवाल्याकडे नेऊन एक साइज मोठा बोअर करून घेतला. नवा पिस्टन, नव्या रिंगा, पिस्टनची नवी गजन पिन मुंबईहून आणली. एक पिस्टन जास्तीचा आणला. कशासाठी, ते कुणाला सांगितले नाही.

रोजामावशी रोज अकराला चहा घेऊन पडवीत यायच्या. इंजिनचे भाग जुन्या साडीच्या कापडावर मांडलेले असत. त्या म्हणायच्या, एवढे सगळे पोटात असते काय याच्या. एकदा त्यांनी कार्बोरेटरचा फ्लोट उचलून पाहिला आणि विचारले की पास्कूला हे सगळे येत होते का. मी म्हणालो, माझ्याहून चांगले येत होते. त्यांना ते खरे वाटले नाही.

पहिल्यांदा मी मूळचाच कार्बोरेटर बसवला. धुऊन, जेट फुंकून, सुई बदलून. मार्चच्या दहा तारखेला तिसऱ्या किकला इंजिन सुरू झाले. छपरातून निळा धूर बाहेर आला. इनासकाका वाडीत पाणी लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. नंतर महिनाभर मी गाडी रनिंग-इनसाठी, नवे भाग एकमेकांत बसावेत म्हणून, हळू चालवली. सांडोरहून बोळिंजपर्यंत आणि परत, चाळीसच्या आत. आठशे किलोमीटर झाले. इंजिन मोकळे झाले. आवाज स्वच्छ होता. गाडीत दोष नव्हता. ते मला आधीपासून माहीत होते.

आता मला एकच गोष्ट माहीत नव्हती. पास्कू त्या रस्त्यावर किती वेगात होता?

मी कागदावर हिशोब मांडला. पाच हजार फुटांवर पंच्याण्णवचा जेट जितका कमी पडेल, तितका समुद्राच्या पातळीवर साधारण शंभरचा कमी पडेल. शंभरचा जेट मी आणून ठेवला होता. एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी तो बसवला आणि सहा वाजून दहा मिनिटांनी नायगावच्या मिठागरांमधल्या सरळ रस्त्यावर गेलो. वेग पन्नास. एक्कावन्न नाही. डावा हात सतत क्लचवर. टोकापर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे. मिठागरावर काम करणारा एक म्हातारा फावडे टेकून बघत होता. चौथ्या फेरीला त्याने हाक मारली.

“काय हारवलाय रे तुजा? सकालपासून येतो नि जातो.”

मी हात हलवला. सहा वाजून बत्तीस मिनिटांनी इंजिनचा आवाज पातळ झाला. टोकाला गेला, जसा एखाद्याचा श्वास वर जातो. मी वाट पाहत होतो, तरी हाताला उशीर झाला. मागचे चाक थांबले. गाडी तिरकी झाली. क्लच दाबला गेला आणि चाक सुटले. गाडी कडेच्या चिखलात जाऊन आडवी झाली आणि मी तिच्या खाली.

म्हातारा आला. त्याने गाडी उचलायला मदत केली. माझ्याकडे बघून मडके पुढे केले.

“पानी पी. गाडीला बी पाज. तिचा बी घसा सुकला दिसतो.”

पाणी पिऊन मी मागे चालत गेलो. रस्त्यावर मागच्या टायरची एक काळी रेघ होती, सरळ. पुढच्या चाकाची खूण नव्हती. सात पावले. माझा हात क्लचवर होता म्हणून सात. पन्नासच्या वेगाने बावीस मिनिटे म्हणजे अठरा किलोमीटर; पास्कूही अठराव्यालाच पडला होता.

गाडी ढकलत सांडोरला आणली. अडीच तास लागले. दुपारी इंजिन उघडले. पिस्टनच्या एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे होते. धातू ओढला गेला होता. मी पिस्टन कापडात गुंडाळला. माझ्या घरी गेलो, पुस्तकांच्या पेटीतून एकशे दहाचा जेट काढला आणि इनासकाकांना शोधायला वाडीत गेलो.

ते फावडे घेऊन पाटाशी उभे होते. केळीच्या एका वाफ्यात पाणी जात होते. मी त्यांना पिस्टन दाखवला. सुरुवातीपासून सांगितले, वेळा सांगून, स्टेटमेंट देतात तसे. जेट धुतला. खिशात टाकला. डबीत त्याने सुकेळी ठेवली. मी डबी उघडायला सांगितली नाही. सही केली. नंतर जेट खिशात मिळाला. कोर्टात सांगितले नाही.

वाफा भरला. पाणी बांधावरून वाहू लागले. चाळीस वर्षे पाणी लावलेल्या माणसाने ते वळवले नाही.

“किती स्पीड होता म्हणतोस?” त्यांनी विचारले.

“पन्नास, काका. जास्त नाही.”

“डबी उघडून काय म्हणाला तो?”

“हसला. म्हणाला, बस्त्याव जेट खाऊन बसला.”

इनासकाकांनी वाहणाऱ्या बांधाकडे पाहिले. मग फावड्याने दोन ढेकळे ओढून पाणी पुढच्या वाफ्यात सोडले. घराकडे बघून ते हळू म्हणाले, “सुकेळ्यांचं घरात बोलायचं नाही. तिने बांधून दिलेली ती. कळलं?”

मी हो म्हणालो.

“जेट कुठाय?”

मी तळहातावर धरला. त्यांनी तो घेतला नाही. चष्मा नव्हता, म्हणून वाकून पाहिला.

“एवढासा,” ते म्हणाले. मग म्हणाले, “त्याने तो मोठा आणून ठेवलाय, तो बसव. त्याच्यात हा घाल. आठ वर्षं कशाला घेऊन फिरतोस.”

मला माफ केले असे ते म्हणाले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. मीही विचारले नाही.

सिलिंडर मी हलक्या हाताने घासून साफ केला. दुसरा पिस्टन बसवला. मग अठ्ठावीस मिलीमीटरचा कार्बोरेटर. त्याचा तोंडाचा व्यास मोठा, म्हणून मधला जोड लेथवर नवा करून घेतला आणि सिलिंडरचा इनटेक कानशीने घासून त्याच्याशी जुळवला. बाजारातून आणताना त्याच्यात मेन जेट नव्हताच. आटे तेच होते. एकशे दहाचा जेट हाताने फिरवला, शेवटचा पाव वेढा पान्याने. पहिल्या चाचणीत सुई एक खाच खाली घ्यावी लागली. मग पाच किलोमीटर जाऊन, इंजिन एकदम बंद करून प्लग काढला. प्लगचा रंग बघून जेट बरोबर आहे की नाही ते कळते. पांढरा आला तर पेट्रोल कमी, काळा आला तर जास्त. हा भाजलेल्या बिस्किटासारखा आला. पास्कू बरोबर होता. मोठ्या कार्बोरेटरने गाडी चढाला सहज खेचू लागली.

मे महिन्यात फादरनी गाडीला आशीर्वाद दिला आणि पाड्यांवर नेऊ लागले. इनासकाकांनी त्यांना एवढेच सांगितले की बस्त्यावने तपासली आहे. मी रेकॉर्ड ऑफिसला सर्व हकिगत लिहून पाठवली. सुकेळ्यांचा उल्लेख केला नाही. डबी रिकामी होती, असे लिहिले. पाच महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले. चौकशी पूर्ण झालेली आहे, प्रकरण पुन्हा उघडता येत नाही.

त्या वर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आम्ही दफनभूमीत होतो. ज्यांची माणसे दुसरीकडे पुरलेली असतात, ती माणसे मधल्या मोठ्या क्रुसापाशी मेणबत्त्या लावतात. इनासकाका दरवर्षी तिथे मेणबत्ती लावून लगेच घरी जात. त्या वर्षी ते थांबले. शेजारची एक बाई रोजामावशींचे सांत्वन करत होती. म्हणाली, काय करणार बाय, वाऱ्यासारखा पळायचा गं तुझा पास्कू.

इनासकाका तिच्याकडे वळले. आजूबाजूला पंधरा-वीस माणसे होती. ते मोठ्याने बोलले. मी त्यांना मोठ्याने बोलताना तेव्हाच ऐकले.

“पन्नासच्या वर नव्हता. गाडी अडकली म्हणून गेला. पन्नासच्या वर नव्हता माझा पोर.”

कुणी विचारले नाही, तुम्हाला कसे माहीत. मी त्यांच्यामागे दोन पावलांवर उभा होतो. त्यांनी मागे पाहिले नाही.

दुसऱ्या आठवड्यात गाडीवर बसलेला फोटो भिंतीवर परत आला.

इनासकाका १९८५ मध्ये गेले. रोजामावशी दरवर्षी सुकेळी करायच्या आणि पहिली सहा माझ्यासाठी वेगळी बांधायच्या. पास्कूला आवडायची, म्हणायच्या, आणि तो म्हणायचा की बस्त्याव माझ्या वाटची पण खातो. त्या समोर बसत. मी एकाचे पान सोडवून ते खात असे. सात वर्षे खाल्ली. मागच्या महिन्यात त्याही गेल्या. ज्या घरात सुकेळ्यांचे बोलायचे नव्हते, ते घर आता राहिलेले नाही.

म्हणून लॉगबुकातली ती नोंद इथे दुरुस्त करतो.

लान्स नायक पास्कल, डिस्पॅच रायडर, राहणार सांडोर, वसई. जून १९७४, ड्यूटीवर मृत. वेग पन्नास. टपाल शाबूत. निघताना डबीत जेट नव्हता. डबीत आईने दिलेली तीन सुकेळी होती. तपासले नाही. सही माझी.